हत्तीचा ग्राफ की श्रीखंडे ग्राफ?

१६ बिंदू, सहा-सहांचे १६ गट आणि कोणतीही जोडी नेमक्या दोन गटांत, अशी रचना हवी असेल तर ४×४ चौकटीवर ग्राफ काढा, म्हणजे प्रत्येक घरात एक बिंदू आणि शेजारी ठरवलेल्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषा. प्रत्येक बिंदूचे शेजारी मिळून एक गट.

हत्तीच्या ग्राफमध्ये एकाच ओळीतले किंवा स्तंभातले बिंदू शेजारी. बुद्धिबळ येणाऱ्याला लगेच पटतो. गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंड्यांच्या १९५९ च्या ग्राफमध्ये शेजारी म्हणजे एक घर आडवे, उभे किंवा एकाच ठरलेल्या तिरप्या रेषेत. कडेला पोचलात की पलीकडून आत. दोन्हींत कुठल्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी दोनच, म्हणून दोन्ही चालतात.

फरक गटाच्या पोटात: हत्तीकडे दोन सुटे त्रिकोण, श्रीखंड्यांकडे अख्खा षटकोन! शिकवायला हत्ती बरा, पण मी षटकोनाच्या बाजूचा.