‘क्वांटम लीप’ की ‘डॉक्टर हू’: जुन्या प्रेक्षकानं कुठली नवी आवृत्ती बघावी?

कालप्रवासाच्या या दोन मालिका. दोन्ही बंद पडल्या आणि दोन्ही परत आल्या. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ १९६३ साली सुरू झाली आणि १९८९ च्या डिसेंबरात थांबली. त्याच वर्षी २६ मार्चला अमेरिकेत एनबीसीवर ‘क्वांटम लीप’ सुरू झाली होती. गंमत म्हणजे ‘डॉक्टर हू’ परतली तीही २६ मार्चलाच, २००५ साली. ‘क्वांटम लीप’ १९९३ ला संपली ती थेट २०२२ मध्ये उगवली.

जुने भाग मनापासून बघितलेल्या माणसानं नव्यासाठी वेळ काढावा का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. ‘डॉक्टर हू’ बिनधास्त बघा, निदान सुरुवातीची चार-पाच वर्षं. ‘क्वांटम लीप’ही बघा, पण जुना नायक सॅम बेकेट भेटेल या आशेवर बघू नका.

कारण जुनी ‘क्वांटम लीप’ म्हणजे दोनच माणसं होती. स्कॉट बॅक्युलाचा सॅम दर भागात कुणाच्या तरी जागी जाऊन पडायचा. एक प्रकारचा परकायाप्रवेशच, आरशात बघावं तर चेहरा भलत्याचाच. आणि डीन स्टॉकवेलचा अ‍ॅल, सॅमचा मित्र आणि वाटाड्या, भडक कपड्यांत, सिगार ओढत, हातातलं नाठाळ यंत्र थोपटत फक्त सॅमलाच दिसायचा. कॅमेरा सहसा सॅमला सोडून जायचा नाही. सॅमला पाठवणाऱ्या भविष्यातल्या प्रकल्पात काय चाललंय ते अ‍ॅलच्या तोंडून कळेल तेवढंच.

शेवटच्या भागात सॅम अ‍ॅलच्या पहिल्या बायकोला, बेथला, जाऊन सांगतो की तुझा नवरा व्हिएतनाममध्ये जिवंत आहे, त्याची वाट बघ. याच कामासाठी अ‍ॅलनं पूर्वी हातापाया पडून गळ घातली होती, तेव्हा सॅमनं नकार दिला होता. मग पडद्यावर ओळी येतात: अ‍ॅल आणि बेथला चार मुली आहेत, डॉ. सॅम बेकेट घरी परतले नाहीत. त्या ओळीत नायकाच्या आडनावाचं स्पेलिंगही चुकलेलं आहे, एक अक्षर कमी. ज्यांनी हा शेवट तेव्हा बघितला, त्यांचं एकच मागणं होतं: सॅमला घरी आणा.

नव्या मालिकेला ते जमणारच नव्हतं. स्टॉकवेल २०२१ मध्ये वारले आणि बॅक्युलांनी नव्या मालिकेत काम करायला नकार दिला. लेखकांनी मग जुन्या कथेचे धागे उचलले. प्रकल्पाचा प्रमुख मॅजिक (अर्नी हडसन) हा व्हिएतनाममधला तोच सैनिक, ज्याच्या जागी एकदा सॅम गेला होता. अ‍ॅलची मुलगी जॅनिस कथेत महत्त्वाची आहे, आणि ती जन्मली मुळात सॅमनं बेथला गाठलं म्हणून. हे चांगलंच जुळवलंय. पण प्रत्येक धागा शेवटी सॅमपाशी येतो आणि तिथेच तुटतो. जुन्या प्रेक्षकाला दर वेळी नव्यानं चुटपुट लागते.

बाकी बदलांपैकी दोन मला खटकले. एक म्हणजे मुख्यालय. नवा नायक बेन साँग (रेमंड ली) भूतकाळात अडकलेला असताना आपण वारंवार वर्तमानात येऊन पडद्यांसमोर उभ्या असलेल्या लोकांच्या चर्चा ऐकतो, आणि अडकल्याची धग निघून जाते. दुसरा बदल मर्यादेचा. सॅम एखादा अपवाद वगळता स्वतःच्या हयातीतल्या वर्षांतच जाऊ शकायचा, त्यामुळे तो काळ आई-वडिलांच्या अल्बममधला वाटायचा. बेन मात्र १६९२ च्या मॅसॅच्युसेट्समध्येही जातो. पोशाख छान आहेत, पण ती ओढ नाही. तरी दुसरा सीझन पहिल्यापेक्षा सरस आहे. बेनसाठी क्षण गेलाय आणि घरी तीन वर्षं लोटलीत. त्याची होणारी बायको अ‍ॅडिसन दुसऱ्या कुणाची झालीय. इथे मालिकेला स्वतःचं दुःख सापडतं. आणि मग २०२४ मध्ये ती बंदच झाली. जुने भाग ९७, नवे ३१.

‘डॉक्टर हू’चं नशीब १९६६ मध्येच लिहिलं गेलं होतं. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांना पुढे काम झेपेना, तेव्हा निर्मात्यांनी डॉक्टरचं, म्हणजे परग्रहावरच्या कालप्रवासी नायकाचं, शरीरच बदलतं अशी तोड काढली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. नट बदलला तरी माणूस तोच. म्हणजे चाळीस वर्षांनी तिसराच चेहरा आला तरी जुन्या प्रेक्षकाची फसवणूक होत नाही. ‘क्वांटम लीप’कडे ही सोय नव्हती.

सोय असूनही १९९६ चा टीव्ही-चित्रपट फसला. त्याची सुरुवातच जुन्या डॉक्टरपासून होते, मग तो मरून नवा होतो. नवख्याला काही उमगायच्या आत निम्मी रात्र सरलेली. नव्या मालिकेचे लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी २००५ मध्ये उलटं केलं. दुकानात काम करणारी रोझ आधी, डॉक्टर नंतर, आणि जुना इतिहास एका युद्धात भस्म झालेला. जुन्यांची आठवण काढायला त्यांनी पुढच्या वर्षापर्यंत दम धरला. २००६ च्या ‘स्कूल रियुनियन’ भागात डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन शाळेच्या अडगळीत दार उघडते आणि समोर ती निळी पेटी, डॉक्टरचं कालयान. ती पाठमोरी बाहेर येते, तर मागे डॉक्टर उभा. १९७६ मध्ये तो तिला घरी सोडून गेला होता. आता ती चिडून सांगते की ते घरचं क्रॉयडन नव्हतंच, अ‍ॅबर्डीन होतं! भांडण तीस वर्षं जपून ठेवल्यासारखं. ज्यानं जुनं काहीच बघितलं नाही त्यालाही हा प्रसंग कळतो, आणि बघितलेल्याचा गळा दाटतो.

पुढे मात्र याच गोष्टीचा अतिरेक झाला. डिस्नीसोबतच्या २०२४-२५ च्या सीझनना पुन्हा ‘पहिला’, ‘दुसरा’ असे क्रमांक दिले, आणि त्याच ‘पहिल्या’च्या शेवटी १९७५ चा खलनायक सुतेख आणून ठेवला. नव्यांना पत्ता नाही, जुन्यांना तेवढ्यानं समाधान नाही. या सीझनमधला डॉक्टर न्कुटी गॅटवा उत्तम नट, पण कथा त्याच्या तोलाच्या नव्हत्या.

तेव्हा वेळ थोडा असेल तर असं करा. ‘डॉक्टर हू’ २००५ पासून क्रमानं बघा, मध्ये २०१३ चा पन्नाशीचा विशेष भाग चुकवू नका, आणि डेव्हिड टेनंटच्या डॉक्टरनंतर (२०१०) कंटाळा आला तर खुशाल थांबा. फाळणीवरचा २०१८ चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ मात्र सुटा काढून बघाच. ‘क्वांटम लीप’साठी आधी जुना शेवटचा भाग पुन्हा बघा. तो बघून अजूनही सॅमच हवासा वाटला, तर नवीनच्या वाटेला जाऊ नका. नुसती कल्पना आवडत होती असं वाटलं, तर पहिल्या सीझनचे चार-सहा भाग बघून थेट दुसरा सीझन लावा.