डॉक्टर आणि वैद्य एकाच फाइलमध्ये : संधिवातासाठीच्या एका चिकित्सालयाचा १४ महिन्यांचा अनुभव

पुण्याच्या पश्चिम भागातील या चिकित्सालयात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा स्वागतकक्षातील मुलीने नावानंतर लगेच विचारले, "काकू, दोन्हीकडची औषधे आणलीत का?" मी आणली होती, पण गेली सहा वर्षे ती दोन वेगळ्या डब्यांत ठेवण्याची आणि एका डब्याची खबर दुसऱ्याला लागू न देण्याची इतकी सवय झाली होती, की दोन्ही डबे एकाच टेबलावर उघडताना थोडे चोरी पकडल्यासारखे वाटले. संधिवाताच्या रुग्णांना हा प्रकार नवा नाही. मेथोट्रेक्सेट ही संधिवातावरची डॉक्टरांची मुख्य गोळी चालू आहे हे वैद्यांना सांगितले तर ते रागावतील आणि काढा चालू आहे हे डॉक्टरांना सांगितले तर ते हसतील, या भीतीने आपण दोघांनाही अर्धेच सांगतो.

चिकित्सालयाचे नाव येथे देत नाही. पुढे एक तक्रार लिहिणार आहे. तिची दखल व्यवस्थापनाने घेतली आहे आणि ती मिटली आहे.

येथे संधिवाततज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस येतात, वैद्य रोज असतात आणि दोघे एकाच फाइलमध्ये लिहितात. फाइलच्या पहिल्या पानावर सर्व औषधांची एकच यादी असते. पहिल्या भेटीला सव्वा तास लागला. त्यातील वीस मिनिटे या यादीतच गेली. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली गेली तर ती जिवावर बेतू शकते, म्हणून त्या ओळीपुढे लाल शाईने 'फक्त सोमवारी' असे लिहिले गेले. खाली फॉलिक ॲसिड आणि कमी-जास्त प्रमाणात चालणारी वेदनाशामक गोळी. त्याखाली वैद्यांचे हस्ताक्षर.

वैद्यांनी पहिल्याच दिवशी मला धक्का दिला. सांधे दुखतात म्हणून आजवर प्रत्येकाने तेल चोळायला सांगितले होते. यांनी तेल बंद केले. 'आम', म्हणजे अपचनातून शरीरात साठलेला दोष, असताना स्निग्ध (तेला-तुपाचे) उपचार नको, आधी रूक्ष (कोरडा) शेक द्यायचा, असे त्यांचे म्हणणे. कढईत तापवलेली वाळू कापडात बांधून तिच्या पुरचुंडीने रोज सकाळी मनगटे आणि बोटांची पेरे शेकायची, दही आणि रात्रीचे जड जेवण बंद, आणि झोपताना सुंठीच्या काढ्यातून एरंडेल. शरीररूपी वनात हिंडणाऱ्या आमवाताच्या (माझ्या संधिवाताला आयुर्वेदातले नाव) हत्तीला एरंडेल हाच सिंह, अशा अर्थाचा श्लोक त्यांनी म्हणून दाखवला. सिंहाची चव मात्र सुधारलेली नाही.

याच ठिकाणी मला या व्यवस्थेचा खरा उपयोग कळला. एरंडेलाचा सल्ला वाचून संधिवाततज्ज्ञांनी त्याच पानावर 'रविवारी आणि सोमवारी एरंडेल नको' असे लिहिले, कारण जुलाबांनी शरीरातील पाणी कमी झाले तर मेथोट्रेक्सेटचे दुष्परिणाम वाढू शकतात. वैद्यांनी ते वाचून मान डोलावली आणि एरंडेलाची मात्राही निम्मी केली. दोन डब्यांच्या काळात ही सूचना मला कोणीच दिली नसती, कारण ती देण्यासाठी लागणारी माहिती एकाही डॉक्टरकडे पूर्ण नव्हती.

तिसऱ्या महिन्यात आठ दिवसांची वैतरण बस्ती, म्हणजे गुदमार्गे दिला जाणारा औषधी एनिमा, झाली. चिंच, गूळ, सैंधव, गोमूत्र आणि तेल एकत्र घोटून केलेले ते मिश्रण समोर आणले, तेव्हा गोमूत्राचा वास सोडला तर ते थेट आमटीची तयारी वाटत होते. परिचारिका कुशल होत्या, पडदा नीट लावला जात होता आणि नंतर अर्धा तास विश्रांतीसाठी स्वच्छ चादरीची खाट मिळत होती. अशा गोष्टी जाहिरातीत येत नाहीत, पण वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे महत्त्व फार असते.

परिणामांविषयी जपून लिहिते. पूर्वी सकाळी तासभर मूठ वळत नसे. आता वीस-पंचवीस मिनिटांत कणीक मळता येते. वेदनाशामक गोळी रोजची होती, ती आठवड्यातून एखादी झाली. पोट साफ राहते आणि झोप लागते. परंतु याच काळात मेथोट्रेक्सेटची मात्रा १० वरून १५ मिलिग्रॅम झाली होती, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही, आणि इतर कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर माझा विश्वास नाही.

म्हणूनच प्रतीक्षाकक्षातील पत्रक मला खटकले. आयुर्वेदाने आधुनिक औषधे सुटतात, असे सुचवून त्यात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोइंबतूरच्या अभ्यासाचा दाखला दिला आहे. अभ्यास खरा आहे आणि चांगला आहे : आयुर्वेदिक औषधे, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र अशा तीन गटांची तुलना त्यात केली होती, कोणाला काय दिले हे रुग्णांना व तपासणाऱ्यांना कळू न देता, आणि तिन्ही गटांत साधारण सारखाच लाभ दिसला. पण रुग्ण होते ४३ आणि काळ होता ३६ आठवड्यांचा. तो प्राथमिक अभ्यास होता. वीस-वीस वर्षे चालणाऱ्या आणि सांधे वाकडे करणाऱ्या आजारात एवढ्यावर गोळी सोडायची नसते. येथील संधिवाततज्ज्ञांनीही मला तेच सांगितले, आणि वैद्यांनीही. मग पत्रक कोणासाठी छापले, हा प्रश्न उरतोच.

आता तक्रार. वैद्यांनी पाचव्या महिन्यात रास्नासप्तक हा सात वनस्पतींचा काढा 'गुळवेल वगळून' लिहिला होता. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले होते. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती का, अशी शंका आयुष मंत्रालयाने घेतली. वाद काहीही असो, यकृतावर ताण आणू शकणारे मेथोट्रेक्सेट चालू असताना आणि आजार मुळात प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाचा असताना गुळवेल नको, यावर दोघांचे एकमत होते. औषधवाटप खिडकीवरील मुलाने मात्र तयार काढ्याची बाटली दिली, जिच्यात रास्नासप्तकाच्या मूळ कृतीप्रमाणे गुळवेल होतीच. मीही लेबल वाचले नाही. सहा आठवड्यांनी नेहमीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, ३४ वरून ९६ झालेला दिसला. काढा बंद, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे बंद, त्या दोन आठवड्यांत मनगटे पुन्हा सुजली. महिन्याभरात आकडा उतरला. दोष काढ्याचा की गोळीच्या वाढलेल्या मात्रेचा, हे सिद्ध झाले नाही. पण यादी पहिल्या पानावर असून ती खिडकीपर्यंत पोहोचत नव्हती, हे सिद्ध झाले. आता खिडकीवर फाइल उघडून औषध दिले जाते आणि घटकांवर पेनाने खूण करून घेतली जाते. हे आधीच असायला हवे होते.

धातूंची भस्मे असलेली औषधे मी सरसकट नाकारली. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा २००८ चा अभ्यास मला ठाऊक होता. वैद्यांनी वाद न घालता केवळ वनस्पतिज औषधे लिहून दिली, ही त्यांची जमेची बाजू.

खर्च : पहिली भेट १,५०० रुपये, नंतरच्या ८००, बस्तीचे आठ दिवस ९,६०० रुपये. दाखल न होता घेतलेल्या या उपचारांचा एक रुपयाही माझ्या विमा कंपनीने दिला नाही, म्हणून आधी पॉलिसी वाचावी. चिकित्सालय पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट माझ्या निम्म्या भेटींत बंद होती, आणि प्रसाधनगृहातील नळ जुन्या गोल मुठीचा आहे. सांधेदुखीच्या रुग्णांसाठी चालवलेल्या जागेत बोटे वळत नसलेल्या बाईने तो फिरवायचा कसा, हे मी अभिप्राय-वहीत दोनदा लिहिले आहे.

नुकतेच निदान झालेल्यांनी आधी पूर्णवेळ संधिवाततज्ज्ञांकडे जाऊन आजार आटोक्यात आणावा; येथे ते दोनच दिवस असतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत तेवढे पुरत नाही. माझ्यासारख्या जुन्या, दोन डबेवाल्या रुग्णांना मात्र येथे यायला मी सांगेन. पाचपैकी साडेतीन गुण. नळ बदलला तर चार.