आंतरराष्ट्रीय कायद्याचे मराठी पाठ्यपुस्तक: सात महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचे काम सांभाळून मी कायद्याचे शिक्षण घेत आहे. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याची, म्हणजे राज्याराज्यांमधील संबंधांच्या कायद्याची, प्राथमिक ओळख करून देणारे हे पाठ्यपुस्तक मी जूनमध्ये नवी पेठेतून घेतले आणि जानेवारीपर्यंत जवळजवळ रोज वाचले.

पुस्तकाचे सर्वांत सरस प्रकरण उगमाचे आहे. 1603 मध्ये सिंगापूरजवळ डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज रेशीम आणि चिनी मातीच्या भांड्यांसह पकडले. ही जप्ती न्याय्य ठरवण्याच्या निमित्ताने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाने केलेल्या लेखनातूनच, समुद्र कोणाच्याही मालकीचा असू शकत नाही हा त्याचा 1609 मधील सिद्धांत पुढे आला. रोज मालाच्या बिलांवर काम करणाऱ्या मला हा इतिहास एका मालवाहू जहाजापासून समजला, याचे श्रेय लेखकांना दिलेच पाहिजे. ग्रोशियसच्या आधी स्पेनमध्ये फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने केलेला विचारही त्यांनी वगळलेला नाही. मात्र युरोपातील तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या 1648 च्या वेस्टफालियाच्या तहापासूनच सारे सुरू झाले, असा जो सूर पुढे लागतो तो मला पटला नाही. इजिप्त आणि हित्ती राज्यांनी इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातच लेखी तह केला होता आणि कौटिल्याने संधी (तह), विग्रह (युद्ध) व दूत यांची सविस्तर मांडणी केली आहे.

सर्वांत जास्त अडचण परिभाषेने केली. कारखाना परदेशी ग्राहकाशी करतो तोही करार आणि दोन राज्ये करतात तोही करारच, त्यामुळे पहिले दोन महिने खासगी व्यवहार आणि राज्यांमधील बंधन यांची माझ्या मनात सरमिसळ होत राहिली. दुसऱ्यासाठी ‘तह’ किंवा ‘आंतरराज्यीय करार’ असा एकच शब्द शेवटपर्यंत ठेवायला हवा होता. रूढीचे प्रकरण त्या मानाने स्वच्छ आहे: राज्यांचे सातत्याचे वर्तन आणि ते कायद्याने बंधनकारक आहे ही जाणीव, अशा दोन्ही गोष्टी लागतात हे पक्के ठसते.

खरी खंत पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्याची आहे. भारतीय प्रदेशाने वेढलेल्या दादरा आणि नगर हवेली या पोर्तुगीज ताब्यातील भागांकडे जाण्याच्या वाटेविषयी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1960 मध्ये निकाल दिला आणि त्यात मराठे व पोर्तुगीज यांच्यातील 1779 चा तह तपासला. त्या तहाने पोर्तुगीजांना सार्वभौमत्व नव्हे, तर केवळ महसूल, म्हणजे जहागीर किंवा सरंजाम मिळाला, असे न्यायालयाने ठरवले. केवळ दोन राज्यांमध्येही स्थानिक रूढी निर्माण होऊ शकते हेही त्याच निकालात मान्य झाले. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नव्हता. मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही, तरी या पुस्तकात त्याला फक्त दोन ओळी आहेत. मूळ निकाल मी इंग्रजीतून वाचला आणि ‘सरंजाम’ हा शब्द त्यात आढळला तेव्हा मला फार आनंद झाला.

शिवण चौथ्या महिन्यात सुटली, पण छपाई स्वच्छ आहे. परीक्षेसाठी हे पुस्तक पुरेसे आहे. त्या दोन ओळींच्या पानावर मात्र मी निकालाचा मराठी सारांश हाताने लिहून चिकटवला आहे.