उतारूंची यादी, अठराशे रुपये

रत्नागिरीत मांडवीकडे जाताना जुन्या वस्तूंचं एक छोटं दुकान लागतं. नाव देत नाही, कारण पुढे दोन गोष्टींवरून ओरडायचं आहे. कंदील, पितळी डबे आणि बंद पडलेले ट्रान्झिस्टर यांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात आगबोटींच्या छापील उतारू याद्या आहेत. मी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्यामुळे डबा उघडल्यावर आधी वास घेतला.

बंदरावर सरकारदरबारी द्यायची यादी वेगळी. डब्यातली यादी बोटीची कंपनी हौसेने छापून घ्यायची आणि वरच्या वर्गांच्या उतारूंना वाटायची. सुबक मुखपृष्ठ, आत कप्तान, पर्सर म्हणजे बोटीवरचा हिशेब बघणारा अधिकारी, डॉक्टर, मग आद्याक्षरांप्रमाणे उतारूंची नावं. शिवाय जेवणाच्या वेळा, न्हावी, डेकवरच्या खुर्चीचं भाडं. बरोबर कोण कोण आहे ते प्रवासात बघायचं आणि घरी गेल्यावर ट्रंकेत जपायचं. डब्यातल्या एका अटलांटिकच्या यादीत तर बोटीवर धंदेवाईक जुगारी फिरतात, पत्ते खेळताना सांभाळा, अशी सूचना आहे.

मी घेतली ती पी अँड ओ या इंग्रज आगबोट कंपनीच्या ‘रांची’ची, मुंबईहून विलायतेला निघालेल्या फेरीची. बोट 1925 सालची. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरणारे वेगळे छापलेत, थेट लंडनला जाणारे वेगळे. मार्सेयहून आगगाडी धरली की जिब्राल्टरचा वळसा आणि बिस्केच्या उपसागरातले हेलकावे दोन्ही वाचायचे.

छपाई बघत बसावी अशी. खिळा नवा, ओळी सरळ, पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं की उठाव लागतो. शेवटच्या पानावर मात्र चार नावं बारीक खिळ्यात कोंबली आहेत. जुळवलेल्या पानांचा फर्मा मशीनवर चढल्यावर कुणीतरी तिकीट काढलं असणार. लग्नपत्रिका छापताना हे मी शंभरदा भोगलंय. प्रूफ पास होतं आणि मग धाकट्या आत्याची आठवण होते. मानपान तर इथेही पत्रिकेसारखाच. बाईंचं नाव पूर्ण आणि पुढे नुसतं ‘अँड मेड’. मोलकरणीला नाव नाही, ती आपल्याकडच्या ‘सहकुटुंब’मध्ये गेली. पी अँड ओच्या डेकवर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले किती खलाशी असायचे, पण यादीत कप्तान, पर्सर येतात, खलाशांचा मुकादम सारंग येत नाही.

खरा माल समासात आहे. कुणीतरी पेन्सिलीने अकरा नावांवर खुणा केल्यात आणि एक नाव जोरात खोडलंय, कागद फाटेपर्यंत. कडेला आकडे आहेत: 391, 402, 397. दर दुपारी बोटीने चोवीस तासांत किती मैल तोडले ते जाहीर व्हायचं, त्यावर पैजाही लागायच्या. तेच हे. मध्येच एक 140 आहे. तो सुएझ कालव्याचा दिवस धरायला हरकत नाही, कालव्यात बोट सावकाश हाकावी लागते.

आता तक्रारी. पाच-सहा याद्यांना प्लॅस्टिकचं लॅमिनेशन मारून ठेवलंय. ते आता काढता येणार नाही, काढायला गेलं तर शाई बरोबर येईल. आणि ‘टायटॅनिक’ची म्हणून जी यादी 400 रुपयांना मिळते, ती कॉम्प्युटरवरची नक्कल आहे. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली. भिंगाखाली रंगाचे ठिपके दिसतात, पाठीला उठाव नाही, पिना तर अगदी चकचकीत. मालकाला विचारलं तर म्हणतो, “आजोबा, पर्यटक तेच मागतात.” मागू देत की, पण वर नक्कल म्हणून चिठ्ठी लाव.

बाकी मुलगा सालस आहे. डबा तासभर उपसू देतो, स्टूल देतो, कोकम सरबतही विचारतो. ‘राजपुताना’ची, 29 ऑगस्ट 1931 ला मुंबईहून निघालेल्या फेरीची यादी कधी आली तर फोन कर, असं सांगून आलोय. त्या फेरीत गांधीजी गोलमेज परिषदेला गेले होते. त्याने नंबर तंबाखूच्या पुडीवर लिहून घेतला, त्यामुळे फार आशा नाही.

जाताना भिंग न्या. दुपारी दुकान बंद असतं.

माझ्या यादीचे आधी 2,200 सांगितले होते. “पेन्सिलीची घाण आहे ना, म्हणून चारशे कमी,” असं म्हणून त्याने 1,800 घेतले. मग पिशवीत घालण्याआधी खणातून खोडरबर काढला. “पुसून देऊ का?” मी यादी त्याच्या हातातून ओढूनच घेतली.