ऑक्सफर्डहून कॉट्सवोल्ड्स: भाड्याच्या गाडीने एक दिवस

मे महिन्यात आम्ही चौघा मित्रांनी ऑक्सफर्डमध्ये एका दिवसासाठी गाडी भाड्याने घेतली आणि ए-४० रस्त्याने, बरफर्डमार्गे कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या ग्रामीण भागातले बायबरी गाव गाठले. ब्रिटनमध्येही वाहने डावीकडूनच चालतात आणि पर्यटकाला भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, त्यामुळे हात लगेच बसतो. मात्र काळ्या तिरप्या पट्टीची पांढरी गोल पाटी दिसली, की अशा दुपदरी रस्त्यावर ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरची मर्यादा असते, हे ध्यानात ठेवावे. आतले रस्ते इतके अरुंद, की कुंपणाच्या फांद्या आरशाला घासत होत्या. वाट करून दिली, की प्रत्येक चालक हात उंचावून आभार मानतो, हे मला मनापासून आवडले. चौदाव्या शतकात लोकर साठवण्यासाठी बांधलेली आणि सतराव्या शतकात विणकरांची घरे झालेली आर्लिंग्टन रो ही बायबरीतली मधाच्या रंगाच्या दगडी घरांची रांग पाहताना आम्ही तासभर रेंगाळलो.

गाडी उत्तम होती, पण परत करताना मागच्या दारावरचा जुना ओरखडा आमच्या माथी मारला गेला. सकाळी काढलेली छायाचित्रे दाखवल्यावरच अनामत सुटली, म्हणून ताब्यात घेताना चारही बाजू अवश्य टिपून घ्याव्यात.