मामांचा फेंडर चॅम्प आणि खडेबाजारचे काका

माझे मामा जहाजावर होते. सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांनी हा गिटारचा अ‍ॅम्प आणला: चंदेरी पट्टी, निळी अक्षरं, अमेरिकी फेंडर कंपनीचा चॅम्प. मामा गेल्यावर तो वास्कोहून बेळगावात, टिळकवाडीत आमच्या माळ्यावर आला. आत ट्रान्झिस्टरऐवजी जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह. एका म्युझिकच्या दुकानात दाखवला, तर म्हणे "व्हॉल्व्ह कुठले मिळायला, आत ट्रान्झिस्टर किट बसवून देतो." म्हणजे मामांचं नुसतं खोकं उरणार. उचलून परत घरी आणला.

खडेबाजाराच्या मागच्या बोळात एक काका जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी आधी प्लग हातात घेतला. दोन चपट्या पिना. "हा ११७ व्होल्टचा की हो! २३० ला लावला नाहीसा नव्हं?" नव्हता लावला. व्हॉल्व्ह काढून, स्टेप-डाउन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) जोडून त्यांनी तो सिरीज बल्बावर सुरू केला; आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो. बल्ब जेमतेम लालसर झाला. "ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, ताई."

नंतर मी आत बोट दाखवायला गेले तर हात मागं सारला. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरांत तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवले, मीटरवर शून्य दाखवलं, मगच मला वाकू दिलं. हे कंडेन्सर सुकले की घूं घूं आवाज येतो; ते बदलले. मेनच्या वायरीवरून चॅसीवर, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर गेलेला कंडेन्सर कापून टाकला आणि अर्थिंग दिलं. "हा शॉर्ट झाला, गिटारच्या तारांत करंट आला आणि तुमचे ओठ माइकला टेकले तर?" ६व्ही६ या स्पीकरला ताकद देणाऱ्या व्हॉल्व्हखालचा ४७० ओहमचा जुना रेझिस्टर मात्र तसाच ठेवला. मीटरवर बरोबर येतोय, काढायचा कशाला?

अडलं ते गिटारचा सिग्नल आधी उचलणाऱ्या व्हॉल्व्हपाशी. १२एएक्स७ आपल्याकडं नाही म्हणाले. मी ऑनलाइन मागवणार, तेवढ्यात दुसऱ्या दिवशी फोन: "ताई, ईसीसी ८३ आहे, तोच की तो!" खरंच तोच, नंबर फक्त युरोपातला. बिस्किटाच्या डब्यात, पेपरात गुंडाळलेला, भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, बेंगळुरात बनलेला. एखाद्या रेकॉर्ड प्लेयरसाठी घेऊन ठेवला असणार.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून सात आठवडे लावले. स्वतः केलेला तो एक फोन सोडला तर फोन उचलत नाहीत. आणि तीन पिनांची वायर म्हणून इस्त्रीची सुती, ठिपक्यांची वायर लावून दिली! दिसायला अगदीच कसं तरी दिसतं.

बिल ३,८०० रुपये, काढलेले कंडेन्सर पिशवीत घालून परत. स्टेप-डाउन उद्यमबागेत वेगळा गुंडाळून घेतला, १,४०० ला. तोही काकांनी ११७ नव्हे, ११० चाच करायला सांगितला. अमेरिकेच्या ६० सायकल (हर्ट्झ) विजेचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो, व्होल्ट कमी दिले की निभावतो.

पाच-सहा वॉट आणि आठ इंची स्पीकर, पण व्हॉल्यूम सहाच्या पुढं गेला की तार जोरात छेडल्यावर आवाज फाटतो आणि हळू छेडल्यावर पुन्हा स्वच्छ होतो. शेजारच्या आजींनी विचारलं, रेडिओ घेतलास का नवा?

जाणार असाल तर संध्याकाळी सहानंतर जा. आयसीवालं (चिपवालं) काही नेऊ नका, हात लावत नाहीत.