हंगामापूर्वीची धार: डीएमटीची डायमंड पट्टी

पेन्सिल्व्हेनियात शरद ऋतूत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम उघडण्याआधी मी मेकॅनिकल ब्रॉडहेडची, म्हणजे उड्डाणात मिटलेली राहून आघात होताच उघडणारी पाती असलेल्या बाणाग्रांची, धार डीएमटी या कंपनीच्या डायमंड पट्ट्यांवर, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेल्या धार लावण्याच्या पट्ट्यांवर, परतवून घेतो. लाल खुणेच्या पट्टीवरील हिऱ्याचे कण २५ मायक्रॉनचे, तर हिरव्या खुणेच्या पट्टीवरील ९ मायक्रॉनचे असतात. तेल लागत नाही, थोडे पाणी पुरते.

पाते स्क्रू काढून वेगळे करावे आणि त्याच्या उतारावर मार्करची शाई लावावी, कारण शाई जिथे पुसली जाते तिथेच घासणे होत आहे, हे डोळ्यांना दिसते आणि कारखान्याने दिलेला कोन बिघडत नाही. लाल पट्टी जास्त भरड असल्याने तिच्यावर मी क्वचितच जातो. १०० ग्रेनचे, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅमचे बाणाग्र असताना पात्यांचे धातू कमी-अधिक झिजवणे परवडत नाही. शेवटी न्हावी वस्तरा फिरवतो तसे पाते चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावे.

पट्टीचा दोष एकच: एवढे लहान पाते बोटांनी धरणे धोक्याचे आहे, त्यामुळे चिमटा वेगळा घ्यावा लागतो. शिवाय, धार कितीही उत्तम असली तरी पाती मिटवून धरणारे रबरी कडे तडकलेले असेल, तर पाती उड्डाणातच उघडतात आणि बाण भरकटतो. म्हणून ते कडे मी प्रत्येक वापरानंतर बदलतो.